आमचे दृष्टिदारिद्र्य

गेल्या वर्षी एका महाविद्यालयाच्या वाङ्मय मंडळाने ‘काव्य आणि दृश्यकला’ या विषयावर परिसंवाद योजिला होता. त्यात एका विद्वान वक्त्यांनी असे प्रतिपादन केले की, पाश्चात्त्य रॉक संगीताच्या ज्या चित्रफिती, ज्यांस आता सर्वत्र ‘म्युझिक व्हिडिओ’ म्हणतात, त्या म्हणजे गाण्यांच्या निव्वळ जाहिराती होत. जाहिरातीस हेतू असतो, अर्थ नसतो. सबब त्यांचे रसग्रहण करू पाहणे हे साबणाच्या वेष्टनावर भाष्य लिहिण्यासारखे आहे. वाक्य चटकदार होते. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला आणि त्यात आमचेही दोन हात सामील होते. घरी आल्यावर मात्र मनास रुखरुख लागली. कारण या चित्रफितींपैकी एकीसंबंधी आमची पूर्वी मोठी फसगत झाली होती. ज्या वस्तूस अर्थच नाही, तिचा आम्ही चुकीचा अर्थ कसा केला? या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता प्रस्तुत लेख झाला आहे. त्या फसगतीची हकीकत पुढे येईलच. प्रथम विषयाची थोडी ओळख करून देणे अवश्य आहे.

‘ऑल्टर्नेटिव्ह रॉक’ हे नाव ज्या संगीतास मिळाले, ते 1980 नंतरच्या दशकात अमेरिका व ब्रिटन या देशांत वाढीस लागले. महाविद्यालयांची नभोवाणी केंद्रे आणि लहानसहान ध्वनिमुद्रण कंपन्या यांच्या आश्रयाने ते जगले. बाजारात खपणाऱ्या झगमगीत संगीताहून आपण निराळे आहो, हा त्याचा अभिमान. परंतु 1 ऑगस्ट 1981 रोजी अमेरिकेत एमटीव्ही ही वाहिनी सुरू झाली, आणि गाणे विकावयाचे तर ते दाखविलेही पाहिजे, असा दंडक पडत गेला. बाजारास नाके मुरडणाऱ्यांस बाजाराच्याच चव्हाट्यावर येऊन उभे राहावे लागले. आमच्याकडे 1991 पासून हाँगकाँगहून येणाऱ्या स्टार टीव्हीबरोबर हा चित्रप्रवाह मध्यमवर्गीयांच्या बैठकीच्या खोलीत शिरला. आम्ही तेव्हा नुकतेच पदवीधर झालो होतो. घरातील वडील मंडळी झोपल्यावर आवाज अगदी लहान करून आम्ही तो पाहत असू. आणि आवाज लहान असल्यामुळे चित्राकडेच अधिक लक्ष जाई, हा त्यातला अनपेक्षित लाभ.

आता जाहिरातीचा आक्षेप घेऊ. या चित्रफितींचा खर्च बहुधा ध्वनिमुद्रिका विकणाऱ्या कंपन्या करीत, हे निर्विवाद आहे. परंतु कलाकृतीचा पैसा कोठून आला यावरूनच जर तिचा अर्थ ठरावयाचा, तर राजाश्रयाने रचलेल्या काव्यांवर आणि श्रीमंतांच्या दानांतून कोरलेल्या लेण्यांवर आपण इतके ग्रंथ कशास लिहिले? कार्ल्याच्या चैत्यगृहात वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीचे नाव कोरलेले आहे. म्हणून ते चैत्यगृह त्या श्रेष्ठीच्या पेढीची जाहिरात ठरत नाही. या चित्रफितींपैकी शेकडा नव्वद टाकाऊ असतील, असे कोणी म्हणाल्यास आम्ही वाद घालणार नाही. कवितांचे प्रमाण याहून फारसे निराळे नसावे! परंतु उरलेल्या थोड्यांचा निकाल टाकाऊ नव्वदांवरून करणे हा न्याय नव्हे.

शिवाय जाहिरातीच्या चौकटीत राहून जाहिरातीसच नकार देणारी उदाहरणे याच संगीतात सापडतात. मिनिआपोलिस शहरातील ‘द रिप्लेसमेंट्स’ या वाद्यवृंदाने ‘बास्टर्ड्स ऑफ यंग’ (1985) या गाण्याची चित्रफीत काढली. गाण्याचे नाव सभ्य घरात मोठ्याने उच्चारण्यासारखे नाही. पण चित्रात आक्षेपार्ह असे काहीच नाही. किंबहुना त्यात जवळजवळ काहीच नाही! कृष्णधवल चित्र, त्यात एक ध्वनिक्षेपक, स्वरांबरोबर थरथरणारा त्याचा पडदा, आणि गाणे ऐकत बसलेला कोणी एक मनुष्य, ज्याचे तोंडही आपणांस धड दिसत नाही. गायक नाही, नृत्य नाही, रूपवती नाही. शेवटी तो मनुष्य उठतो आणि त्या ध्वनिक्षेपकास लाथ मारतो. ‘आम्हांस पाहू नका, ऐका’ हे वाक्य येथे कोणी उच्चारलेले नाही. कॅमेरा तेथून हलावयास तयार नाही, त्याच्या त्या हट्टातून ते निष्पन्न झाले आहे. ज्यास साबणाचे वेष्टन म्हणावयाचे, ते वेष्टन स्वतःच्या दुकानदाराची अशी चेष्टा करील काय?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे व तो संगीताच्या खऱ्या रसिकांकडून येतो. ते म्हणतात, गाणे ऐकताना प्रत्येकाच्या मनात आपापले चित्र उमटते; दिग्दर्शकाचे चित्र पुढे आले की ते पुसले जाते आणि श्रोत्याची कल्पनाशक्ती पंगू होते. जी चित्रफीत शब्दांच्या मागोमाग पाणक्यासारखी चालते, गाण्यात पाऊस आला की पाऊस दाखविते आणि विरह आला की खिडकीशी बसलेली स्त्री दाखविते, तिच्याविषयी हे अक्षरशः खरे आहे. पण उत्तम दिग्दर्शक शब्दांचे चित्र काढीत नाही. तो शब्दांपासून काही अंतरावर उभा राहतो, आणि त्या अंतरात नवा अर्थ उत्पन्न होतो.

‘आर.ई.एम.’ या वाद्यवृंदाच्या ‘लूझिंग माय रिलिजन’ (1991) या गाण्याचे उदाहरण घ्या. अमेरिकेच्या दक्षिण भागात ‘धर्म गमावणे’ हा वाक्प्रचार संयम सुटणे, मनुष्य अगदी मेटाकुटीस येणे, अशा अर्थी वापरतात. गाण्याचा विषय आहे एकतर्फी प्रेम. आमच्या आलंकारिकांच्या भाषेत ही रूढ लक्षणा झाली. चित्रफितीचे दिग्दर्शक तरसेम सिंग हे मूळचे पंजाबातील जालंधरचे. भारतीय चित्रपटांच्या स्वप्नमय, उत्कट पद्धतीने हे चित्र करावे, अशी त्यांची कल्पना होती. त्यांनी काय केले? लक्षणा बाजूस सारली आणि अभिधा उचलली! ‘धर्म’ हा शब्द त्यांनी शब्दशः घेतला. ‘गंगेवर गवळ्यांची वाडी’ या वाक्याचा लाक्षणिक अर्थ सोडून एखाद्या चित्रकाराने खरोखरच प्रवाहावर घरे बांधून दाखवावी, आणि ती पाहून आपण थक्क व्हावे, तसा हा प्रकार आहे.

त्या चित्रात एका बंद खोलीत दुधाचे भांडे पडून फुटते. बाणांनी विंधलेला संत दिसतो. जखमेत बोट घालून खात्री करून घेणारे हात दिसतात. पंख असलेला एक थकलेला म्हातारा दिसतो, आणि मार्केस या कोलंबियन कथाकाराची पंखवाल्या म्हाताऱ्याची कथा आठवते. परंतु या वस्तूंची यादी केल्याने अर्थ हाती येत नाही. तो आहे प्रकाशात. काराव्हाज्यो या इटालियन चित्रकाराच्या चित्रांत जसा एका बाजूने येणारा प्रकाश अंधारातून देहच तेवढे उचलून काढतो, तशीच येथील प्रकाशयोजना आहे. आणि ज्या प्रकाशात चित्रकाराने संतांच्या यातना दाखविल्या, त्याच प्रकाशात हा एक सामान्य प्रेमिक उभा केला आहे. प्रेयसीच्या उपेक्षेने तळमळणाऱ्याची व्यथा ही एखाद्या हुतात्म्याच्या व्यथेइतकीच निखळ असू शकते, आणि तिच्यात थोडी हास्यास्पद आत्मप्रौढीही असते, हे दोन्ही अर्थ त्या प्रकाशाने एकदम सांगितले. गाणे ऐकून हा अर्थ आमच्या मनात आला नव्हता. मग आमची कल्पनाशक्ती पंगू झाली की तिला पाय फुटले?

तिसरा आक्षेप असा की, ही सारी यंत्राची करामत आहे. तंत्र म्हणजे क्लृप्ती, आणि क्लृप्ती म्हणजे कला नव्हे. या मंडळींस आम्ही एवढेच स्मरण देतो की, चित्रपटकला जादूगारांच्याच घरी वाढली. फ्रान्समध्ये मेलिएस हा रंगमंचावरचा जादूगार; त्याने 1902 साली चंद्रावरच्या प्रवासाचा चित्रपट काढला. आमचे दादासाहेब फाळके आपले आडनाव उलटे करून ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने जादूचे प्रयोग करीत. पुढे 1913 साली ‘राजा हरिश्चंद्र’ त्यांच्याच हातून झाला. ‘स्मॅशिंग पंपकिन्स’ या वाद्यवृंदाच्या ‘टुनाइट, टुनाइट’ (1996) या चित्रफितीत जोनाथन डेटन व व्हॅलरी फॅरिस या दिग्दर्शकद्वयाने मेलिएसचा तोच चंद्र, तेच रंगविलेले पडदे आणि त्याच पुठ्ठ्याच्या युक्त्या मुद्दाम पुन्हा वापरल्या. संगणकाच्या साहाय्याने हुबेहूब चंद्र निर्माण करता येऊ लागला होता, अशा काळात त्यांनी पुठ्ठ्याचा चंद्र पसंत केला. अशक्य ते शक्य आहे असे सांगणाऱ्या गाण्यास हुबेहूबपणा मारक ठरला असता. पुठ्ठा पुठ्ठाच आहे हे दिसत असूनही ज्याच्यावर विश्वास बसतो, ती श्रद्धा. आणि त्या गाण्यास तीच हवी होती. क्लृप्तीची निवड हाच येथे अर्थ आहे.

तंत्र अर्थास केवळ सजविते असे नव्हे, तर तेच अर्थ होऊ शकते, याचे याहूनही शुद्ध उदाहरण म्हणून आम्ही ‘रेडिओहेड’ या ब्रिटिश वाद्यवृंदाच्या ‘नो सर्प्रायझेस’ (1998) या चित्रफितीकडे बोट दाखवितो. दिग्दर्शक ग्रँट जी. गाण्याची चाल अंगाईगीताची, शब्द कंटाळलेल्या, सुरक्षित, निर्जीव आयुष्याचे. पडद्यावर आरंभापासून अखेरपर्यंत एकच दृश्य: पारदर्शक शिरस्त्राणात गायक टॉम यॉर्क याचा चेहरा. हळूहळू त्यात पाणी चढू लागते; हनुवटी, ओठ, नाक, डोळे बुडतात; मिनिटाहून अधिक काळ तो मनुष्य पाण्याखाली निश्चल राहतो; मग पाणी ओसरते आणि तो पुन्हा गाऊ लागतो. प्रत्यक्ष चित्रण करताना गाणे जलद वाजवून गायकाचा पाण्याखालचा काळ कमी केला होता व नंतर ते चित्र मंद केले, हे आता सर्वश्रुत आहे. परंतु ते कळल्यावरही छाती दडपावयाची थांबत नाही. याचे कारण काय?

कारण असे की, या चित्रात काट नाही. चित्रपटातील काट हा प्रेक्षकास दिलेला दिलासा असतो. मनुष्य बुडत आहे असे दाखवून दृश्य बदलले की आपण जाणतो, मधल्या वेळात नटास टॉवेल दिला गेला असेल. येथे दृश्य बदलतच नाही. आपल्या नकळत आपणही श्वास रोखतो. ‘सुरक्षित आयुष्य मनुष्यास गुदमरविते’ हे विधान कोणी वर्तमानपत्रात लिहिले तर आपण मान डोलावून पान उलटू. येथे ते विधान आपल्या फुप्फुसांत घडते, आणि तेही त्या गोड अंगाईच्या सुरांवर. आनंदवर्धनाने ज्यास ध्वनी म्हटले, वाच्यार्थाहून निराळा व त्याहून रमणीय असा व्यंग्यार्थ, तो येथे शब्दांतून निघत नाही, सुरांतूनही निघत नाही; तो एका अखंड दृश्याच्या लांबीतून निघतो. त्याच वाद्यवृंदाच्या ‘स्ट्रीट स्पिरिट’ (1996) या कृष्णधवल चित्रफितीत जोनाथन ग्लेझर याने एकाच चौकटीत दोन माणसांस दोन निरनिराळ्या गतींनी चालविले आहे. जवळ उभी असलेली दोन माणसे एका काळात जगत नाहीत, हा शोक त्याने एका शब्दावाचून सांगितला.

येथवर आम्ही जे बोललो ते तुच्छतावाद्यांविरुद्ध. आता ज्यांस या कलेचे कौतुक आहे, त्यांच्याशीही आमचे भांडण आहे. हा वर्ग प्रतीकशोधकांचा. चित्रात पक्षी दिसला की आत्मा, पाणी दिसले की मृत्यू, आरसा दिसला की अहंकार, अशी कोशातील शब्दांसारखी अर्थांची जोडणी करून ही मंडळी कृतकृत्य होतात. त्यांच्यासाठी जेमी थ्रेव्हज या दिग्दर्शकाने जणू मुद्दाम एक सापळा रचून ठेवला आहे. ‘रेडिओहेड’च्याच ‘जस्ट’ (1995) या चित्रफितीत एक नीटनेटका गृहस्थ लंडनच्या पदपथावर आडवा पडतो. लोक जमतात, का पडलास म्हणून विचारतात. त्यांचे संभाषण खाली अक्षरांत उमटत राहते. तो सांगण्याचे टाळतो; लोक हट्ट धरतात. अखेर तो सांगतो, त्याचे ओठ हलताना दिसतात, आणि नेमक्या त्या वेळी अक्षरे नाहीशी होतात! पुढल्या दृश्यात जमलेले सर्व लोक त्याच्याप्रमाणेच आडवे पडलेले आहेत.

ते वाक्य कोणते होते, याचा शोध कित्येकांनी कित्येक वर्षे चालविला. दिग्दर्शकाने ते सांगण्याचे आजवर नाकारले आहे. आमच्या मते त्याने सर्व सांगितले आहे. खालची अक्षरे ही एरवी प्रेक्षकाची चाकर. तो त्यांच्यावर इतका विसंबतो की त्या आहेत हेही विसरतो. ती चाकरी एका क्षणी थांबविली, आणि सर्व काही समजलेच पाहिजे हा आपला हक्क नसून हाव आहे, हे आपणांस उमगले. त्या जमावाची हाव आणि आपली हाव एकच. जमावास तिचे फळ मिळाले, आपण थोडक्यात वाचलो. अर्थ त्या गुप्त वाक्यात नाही, गुप्ततेत आहे. प्रतीकांचा कोश घेऊन बसणाऱ्यास हे कधीही सापडावयाचे नाही.

आता आमच्या फसगतीची हकीकत. सिअॅटलच्या ‘पर्ल जॅम’ या वाद्यवृंदाचे ‘जेरेमी’ हे गाणे एका बातमीवरून सुचले: टेक्सासमधील एका शाळकरी मुलाने 1991 साली वर्गात सर्वांदेखत आपले जीवन संपविले होते. मार्क पेलिंग्टन याने 1992 साली केलेली चित्रफीत पुढील वर्षी एमटीव्हीची वर्षातील सर्वोत्तम ठरली. तीत एकाकी मुलगा हालचाल करतो, तडफडतो. त्याच्या भोवतालचे जग मात्र पुतळ्यांसारखे गोठलेले आहे. शेवटी तो वर्गात येतो. मूळ चित्रात त्याने शस्त्र स्वतःकडे वळविल्याचे एक ओझरते दृश्य होते. ते वाहिनीच्या नियमांपायी प्रक्षेपणात कापले गेले. उरले ते एवढेच: मुलगा हात उचलतो, आणि पुढच्या क्षणी अंगावर रक्ताचे शिंतोडे उडालेली, स्तब्ध झालेली मुले.

हे पाहून असंख्य प्रेक्षकांनी असा समज करून घेतला की, त्या मुलाने आपल्या वर्गबंधूंस ठार केले. त्या असंख्यांत आम्ही एक होतो. इतकेच असते तर ते खासगी अज्ञान राहिले असते. परंतु हिंसा आणि तरुण मन यांविषयी वर्गात बोलताना आम्ही किती वर्षे किती विद्यार्थ्यांस हे उदाहरण ‘खुनी मुलाचे’ म्हणून सांगितले, त्याची मोजदाद नाही. 2020 साली त्या वाद्यवृंदाने न कापलेले चित्र खुले केले. ते पाहिले तेव्हा आम्हांस कळले की, ज्याच्या दुःखाकडे कोणी पाहिले नाही अशा एका मुलावर आम्ही, त्याच्या मृत्यूनंतर, खुनाचा आळ घेत आलो होतो.

वाचकहो, येथे नेमके काय घडले ते पाहा. एक शब्द बदललेला नाही, एक सूर बदललेला नाही. केवळ क्षणभराचे एक दृश्य गेले. आणि बळी होता तो मारेकरी झाला. मुलांची स्तब्धता, जी त्यांच्या बधिरतेची खूण म्हणून चित्रभर योजिली होती, तीच काट पडताच प्रेतांची स्तब्धता भासू लागली. दृश्य तंत्र म्हणजे वरवरची सजावट असती, तर सजावटीचा एक तुकडा गळाल्याने एका मनुष्याचे चारित्र्य पालटले नसते. आणि हेही लक्षात घ्यावे की, हे दृश्य कापणाऱ्यांचा हेतू सोज्वळ होता: मुलांच्या दृष्टीस भयंकर काही पडू नये. त्या हेतूविषयी आम्हांस आदरच आहे. परंतु काटेचे व्याकरण ज्यास ठाऊक नाही, त्याच्या हातून सोज्वळ हेतूनेही केवढा असत्यालाप घडतो! दोष मात्र आम्ही सर्वस्वी कात्रीवर ढकलीत नाही. दोन दृश्यांमध्ये काहीतरी गळले आहे, हे ओळखण्यास आमचे डोळे शिकलेले असते, तर आम्ही निदान शंका तरी घेतली असती. कवितेत एखादा चरण गळाला तर वृत्त मोडल्याचे आमच्या कानास तत्काळ कळते. दृश्य गळाले ते जवळजवळ तीस वर्षे कळले नाही.

हेच आमचे दृष्टिदारिद्र्य. आम्ही विद्यार्थ्यांस मात्रा मोजावयास शिकवितो, उपमा आणि उत्प्रेक्षा यांतील भेद सांगावयास लावतो. आणि ज्या चित्रांच्या पुरात तो विद्यार्थी सकाळपासून रात्रीपर्यंत बुडालेला असतो, त्यांविषयी त्यास एक अक्षर सांगत नाही. फार तर ‘ते पाहू नकोस’ म्हणतो. आज त्याच्या हातातल्या दूरध्वनीवर जी दृश्ये येतात, त्यांतील बहुतेक कोणीतरी कापलेली, मंद केलेली, मागेपुढे जोडलेली असतात. त्यांवरून तो माणसांविषयी मते बनवितो, प्रसंगी त्यांचा द्वेषही करू लागतो. ज्यास ‘जेरेमी’तील काट दिसली नाही, त्यास ही काट कोठून दिसणार?

यावर आमची सूचना अगदी साधी आहे, आणि तिला नव्या इमारतीची वा अनुदानाची गरज नाही. वाङ्मयाच्या वर्गात महिन्यातून एकदा चार मिनिटांची एक चांगली चित्रफीत घ्यावी. प्रथम ती आवाज बंद करून पाहावी. नंतर डोळे मिटून ऐकावी. तिसऱ्यांदा दोन्ही एकत्र करावे. पहिल्या दोन वेळी जे नव्हते आणि तिसऱ्या वेळी जे आले, ते काय व कशामुळे आले, एवढे प्रत्येकाने एका पानात लिहावे. प्रकाश कोणीकडून येतो? काट कोठे आहे? जेथे असावयास हवी तेथे ती का नाही? हे प्रश्न घरीही विचारता येतील. आमच्या घरी ते आम्हांस आमच्या कन्येनेच प्रथम विचारले, हे नमूद करणे न्याय्य होईल.

त्या विद्वान वक्त्यांशी आमचे वैर नाही. त्यांची पुन्हा कोठे गाठ पडल्यास आम्ही त्यांस न कापलेला ‘जेरेमी’ पाहण्याची विनंती करणार आहो, आणि नंतर कापलेला. तो पाहूनही ते साबणाच्या वेष्टनाचा दृष्टांत कायम ठेवतील, तर ठेवोत. आमची टाळी तेवढी आम्ही परत घेत आहो.